पत्राच्या पाठीवरचा जवाब

व्यंकटराव नानांना मी पहिल्यांदा घरी जेवायला बोलावलं, तेव्हा त्यांनी ताटातली भाकरी मोडली नाही. आधी ती ताटातल्या ताटात हळूहळू फिरवली, एका जागी थांबवली, मान तिरपी करून तिच्यावरचे करपलेले डाग न्याहाळले आणि चुलीकडे बघून मला विचारलं, "वहिनी, हिची शिमाल कुठंय?"

शिमाल हा चटणीचा एखादा प्रकार असावा असं मला वाटलं. मी म्हणाले, "आज केली नाही." आमचे हे पाटावर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शिमाल म्हणजे उत्तर दिशा. निजाम सरकारचा सगळा कारभार उर्दूत, तेव्हा नकाशावरच्या दिशाही उर्दूतच. नाना तीस वर्षं जमीनमोजणीच्या खात्यात नक्शानवीस होते. बाकीची माणसं जरीब, म्हणजे मोजणीची लोखंडी साखळी, घेऊन रानोमाळ हिंडत आणि त्यांनी आणलेली मापं नाना कागदावर उतरवीत. कागद समोर आला की आधी त्याची उत्तर ठरवायची, ती वर करायची, मगच वाचायला लागायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. पुढं पुढं कागदाचीही गरज उरली नाही. भाकरी चालायची, पापड चालायचा, माझ्या धाकट्याच्या सदऱ्यावरचा आमटीचा डागही चालायचा.

पेन्शन झाल्यावर ते पूर्णेला आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले. पूर्णाच का, असं यांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "इथून तीन दिशांना रूळ जातात. चौथी आपोआप कळते." आमचे हे पूर्णा स्टेशनात मालबाबू होते. त्यांना हे उत्तर फार पटलं. मला पटलं नाही, पण शेजारी निवडून घेता येत नाहीत. माझ्याकडे तेव्हा चार मुलं, सासूबाई, एक म्हैस आणि शेजारी नाना असा पसारा होता, आणि मी सगळ्यांचं एकाच पद्धतीनं बघत होते. वेळेवर खायला द्यायचं आणि फार बोलू द्यायचं नाही.

नानांच्या बाबतीत दुसरी गोष्ट जमायची नाही. सकाळी मी दारात घाईघाईनं रांगोळीचा वेल ओढून उठते न उठते तोच नाना बाहेर येऊन उभे राहत. पाय ठेवायला जागा असली तरी ओलांडत नसत.

"वहिनी, ह्या वेलाला हद्द नाही. हा संपतो कुठं?"

"झाडलोट करायची वेळ झाली की संपतो."

ते मान हलवत. माझ्या उत्तराची त्यांना कीव येई.

त्यांच्या खोलीच्या भिंतीवर पावसाळ्यात ओल उतरली. माणूस काय करील, धाब्यावर चढून पांढरी माती टाकील. नानांनी शिसपेन्सिल घेतली आणि ओलीच्या कडेनं रेघ मारली. आठवड्यानं ओल पुढं सरकली, तेव्हा दुसरी रेघ मारली. मी विचारलं, "नाना, काय करायलात?" म्हणाले, "दोन बोटं पुढं आलीय. पण मगरिबेकडं जात नाही, बघा. जुनूबेकडंच चाललीय." मगरिब म्हणजे पश्चिम आणि जुनूब म्हणजे दक्षिण, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. शेवटी मीच गडी लावून धाब्यावर माती टाकून घेतली. ओल वाळली. नाना आठ दिवस माझ्याशी तुटक बोलत होते, कारण मोजणी अर्धवट राहिली होती.

सासूबाईंना मात्र नाना फार आवडत. एकदा त्यांच्या हातावरच्या शिरा बघून नाना म्हणाले, "मावशी, ही पूर्णा, ही गोदावरी, अन् हा इथं संगम." माझ्या सासूबाईंना आयुष्यात कुणी इतकं लक्षपूर्वक बघितलं नसेल. त्या दिवसापासून त्या रोज चहानंतर हात पुढे करून बसत, आणि नानाही रोज तो संगम पाहत.

त्यांचा आवडता शब्द होता तस्दीक. तस्दीक करा, म्हणजे पडताळून बघा. म्हैस दूध कमी देते म्हटलं, तरी विचारायचे, "तस्दीक केली?" मी म्हणे, "तुम्हीच करा, ती लाथ मारते." या पडताळण्याच्या सवयीपायी नानांनी आपल्या एकुलत्या एक मुलीचं माहेर तोडलं होतं. ते आता सांगते.

यमू आईविना वाढली. नानांनी तिला राणीसावरगावला एका चांगल्या शेतकरी घरात दिलं. व्याही रंगनाथराव म्हणजे भारदस्त माणूस. जमीन भरपूर आणि तोंडानं थोडा फटकळ, पण पोरीला त्रास नव्हता. लग्नानंतर नाना पहिल्यांदा लेकीला भेटायला गेले. रंगनाथरावांनी हौसेनं शेत दाखवायला नेलं. बरोबर गावातली आठ-दहा माणसं आणि चुलतभाऊ दत्तोबा. दत्तोबांचं शेत बांधाला लागूनच होतं. नाना बांधापाशी थांबले. पावलं टाकून पाहिली. खिशातून सुतळी काढली, ती लावली. मग सगळ्यांच्या देखत म्हणाले, "रंगनाथराव, हा बांध दोन हात सरकलाय. हे दोन हात दत्तोबांचे."

दत्तोबा पान चघळत होते. म्हणाले, "असू द्या की, नाना. आमी भाऊ-भाऊ हाव. मला न्हाई पायजेत."

"तुम्हाला नको असतील," नाना म्हणाले, "नकाशाला पाहिजेत."

माणसं हसली. हसली म्हणूनच बिघडलं. नव्या व्याह्यानं चार लोकांत आपल्याला जमीनचोर ठरवलं हे रंगनाथरावांच्या मनात जे बसलं, ते बसलंच. यमूचं माहेरी येणं बंद झालं. पहिलं बाळंतपणसुद्धा सासरीच झालं. मुलगी झाली, गोदावरी नाव ठेवलं, हे नानांना बाजारात एका ओळखीच्या माणसाकडून कळलं. बारशाचं बोलावणं आलं नाही.

मी त्यांना सांगून थकले. "नाना, एक पत्र टाका. चुकलं म्हणा. झालं."

"काय चुकलं? दोन हात आहेत तिथं."

"नातीपेक्षा दोन हात मोठे का?"

नात बघायची त्यांना किती ओढ होती ते मला दिसत होतं. परभणीच्या बाजारातून त्यांनी चांदीचे वाळे आणून ठेवले होते आणि पोर वाढत जाईल तसे ते लहान होतील म्हणून मधूनमधून काढून बघत. पण दिवाळीला पत्र टाकायचे ते असं: दिवाळीचा सप्रेम नमस्कार. बांध अद्याप दोन हात. आपला, व्यंकटराव. तीन दिवाळ्या हेच गेलं.

तिसऱ्या दिवाळीनंतरच्या थंडीत राणीसावरगावचा सोपान दारात आला. रंगनाथरावांचा सालगडी. त्याची बहीण पूर्णेला दिलेली, तिच्याकडे आला होता. त्यानं बोरांची एक पिशवी दिली आणि बोरांखालून एक घडी घातलेला कागद काढला.

"ताईनं दिलाय. नानाला द्या म्हनली."

"चिठ्ठी आहे?" मी विचारलं.

"न्हाई. मालकांनी लिव्हायचं न्हाई म्हनून सांगितलंय तिला. काय हाय ते मला ठाव न्हाई."

नाना ओसरीवर आले. कागद उघडला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. कागदावर शाई सांडून बोटांनी ओढलेली. एका बाजूला हळदीचा मोठा फराटा. मध्ये कुंकवाचे पाच-सहा ठिपके, त्यातले दोन फिस्कटलेले. आडवी, जाड, काळी काजळाची रेघ. एका कोपऱ्यात बोराचं साल चिकटलेलं, त्याच्याजवळ लाल दोऱ्याचा तुकडा, आणि एके ठिकाणी कागदाला आरपार भोक.

मी चार पोरं वाढवलीत. माझ्या घरच्या भिंती तुम्ही पाहिल्या असत्या तर तुम्हीही तेच म्हणाला असता. मी म्हणाले, "हे लेकराचं काम आहे. गोदूनं केलंय."

नानांनी कागद उलटला. मागच्या बाजूला त्यांचंच दिवाळीचं पत्र होतं. नमस्कार, बांध, दोन हात, सगळं. त्यांचा चेहराच बदलला.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "हा जवाब आहे."

"कशाचा जवाब?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्या दफ्तरात आलेल्या कागदाला वेगळं उत्तर लिहीत नसत. त्याच कागदाच्या पाठीवर लिहायचं आणि कागद परत पाठवायचा. तीस वर्षं हेच. तेव्हा पुढं पत्र आणि पाठीवर मजकूर म्हणजे त्या पत्राचं उत्तर, यात नानांना तिळमात्र शंका नव्हती. यमूला लिहायची बंदी, म्हणून तिनं नक्शा काढला. लहानपणी त्यांच्याच शेजारी बसून नकाशात रंग भरायची ती. तिला येत होतं.

"तिनं काढला तर साल कशाला चिकटवील?" मी विचारलं.

"विहीर," नाना म्हणाले.

पुढचे चार दिवस तो कागद ओसरीवर पसरलेला. नाना भिंग घेऊन त्याच्यावर वाकलेले. येणारा-जाणारा आपलं मत देऊन जाई. आमचे हे म्हणाले, रुळावरून घसरलेला मालडबा आहे. सासूबाईंना त्यात मारुती दिसला आणि त्यांनी लांबूनच हात जोडले. नानांनी दोघांनाही "तस्दीक झालेली नाही" म्हणून बाजूला सारलं. पहिला दिवस उत्तर दिशा ठरवण्यात गेला. दुसऱ्या दिवशी निळी शाई म्हणजे ओढा ठरला. तिसऱ्या दिवशी हळद म्हणजे शाळू ज्वारी आणि कुंकवाचे ठिपके म्हणजे हद्दीचे दगड. फिस्कटलेले दोन कुणीतरी उपटलेले, असं त्यांचं म्हणणं. चौथ्या दिवशी ते माझ्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. डोळे चमकत होते.

"वहिनी, काजळाची रेघ. तोच बांध. अन् मोजली मी. दोन हात आत आहे. आमच्या मापानं. अन् शाईनं नाही काढली, घरच्या काजळानं काढलीय. म्हणजे घरच्या माणसाची साक्ष झाली. रंगनाथरावांनी मान्य केलंय. तोंडानं सांगायला लाजतात, म्हणून लेकीकडून कळवलं."

मी कणीक मळत होते. मी म्हणाले, "नाना, जायचं तर नातीला बघायला जा. कागद इथं ठेवा."

"नातीला बघायचंच आहे. पण जवाबाची पोच आधी द्यायला पाहिजे."

म्हणजे हा माणूस तो लेकराचा फराटा घेऊन व्याह्यांच्या दारात जाणार, तुम्ही चोरी कबूल केलीत म्हणून सांगणार, आणि जे दार आज नुसतं लोटलेलं आहे त्याला कडी लागणार. नात मग जन्मात दिसणार नाही. रात्री मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "तू जा बरोबर. गंगाखेडला तुझी मावशी आहेच. चाळिशीच्या बाईला कोण काय बोलणार?" मी सासूबाईंना म्हशीचं सांगितलं, मोठीला स्वयंपाकाचं सांगितलं आणि निघाले.

नानांच्या हातात पत्र्याचं एक लांब नळकांडं होतं. त्यात त्या शेतांच्या सरकारी नकाशाची नक्कल होती, त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवलेली. रेघा केसासारख्या, एक डाग नाही. रूळ बदलताना डबा हलला की ते नळकांडं पोटाशी धरत. गंगाखेडला मुक्कामी मी ते मावशीच्या वाकळांखाली ढकललं. सकाळी नानांनी ते बरोबर शोधून काढलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मी वाकळांच्या घड्या घालायला लागले.

बैलांच्या दमणीतून राणीसावरगावला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. घरात कुणी नव्हतं, सगळे शेतात हुरड्याला गेलेले. गाडीवान आम्हाला तिकडे घेऊन गेला. शाळू कमरेच्या वर उभा, मध्ये थोडी जागा मोकळी करून आगटी पेटवलेली. गोवऱ्यांच्या विस्तवात कणसं भाजून, चोळून, गरम दाणे पत्रावळीवर पडत होते. शेजारी तिळाची चटणी, गूळ. आगटीपाशी दत्तोबा, थोडं दूर रंगनाथराव आणि त्यांची बायको. जावई तेवढे बाजाराला गेलेले. आणि ही बैठक नेमकी त्या बांधाला लागून होती. दुसरी जागा नव्हती का, असं मला वाटून गेलं.

यमूनं आम्हाला पाहिलं. उठली, पण सासऱ्यांकडे बघून तिथंच उभी राहिली. तिच्या पायाशी झबल्यातली अडीच वर्षांची पोर मातीत बसली होती. नानांनी तिच्याकडे पाहिलं, आणि पटकन नजर काढून घेतली.

"या, व्याही," रंगनाथराव बसल्या जागेवरून म्हणाले. "साखळी आनली का संगं?"

"जरीब सरकारजमा झाली," नाना म्हणाले. "नक्कल आणलीय."

मी घाईनं म्हणाले, "आम्ही नातीला बघायला आलोय, दादा."

"तुमी बसा, बाई. हुरडा खावा. तुमच्याशी आमचं काय वाकडं न्हाई."

नाना बसले. नळकांड्यातून नक्कल काढली, जमिनीवर पसरली, चार कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली. मग खिशातून तो कागद काढला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. "आपला जवाब पोचला."

"कसला जवाब? मी काय बी धाडलं न्हाई." रंगनाथरावांनी कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. "हे काय म्हनायचं?"

नानांनी वाचून दाखवलं. हा ओढा, हा शाळू, हे हद्दीचे दगड. रंगनाथराव ऐकत राहिले. त्यांच्या मिश्या हलायला लागल्या होत्या, पण हसण्यानं की रागानं ते मला कळेना.

"अन् हे बोराचं सालपट?"

"विहीर."

"पानी लागलंय का हिला?"

दत्तोबा आगटीपाशी बसूनच म्हणाले, "लागलं असंल तर निम्मी माझी हाय बरं का."

"आणि ही काळी रेघ," नाना पुढं म्हणाले, "हा बांध. दोन हात आत."

आता यमू पुढं आली. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "नाना, ते गोदूनं काढलंय. माझ्या हातून दौत सांडली, अन् हिनं त्यात हात घातला. भिंती रंगवायला लागली, म्हणून कागद द्यावा म्हटलं. जर्मनीच्या लढाईपायी वाण्याकडं कोरा कागद मिळत नाही. घरात तुमचंच पत्र होतं. तेच दिलं. मग हळदीचा डबा घेतला तिनं, कुंकू घेतलं, काजळाची डबी घेतली."

"मग धाडलंस कशाला?"

"तुम्ही तिला बघितलं नाही ना," यमू म्हणाली. "म्हणून तिचं काहीतरी."

रंगनाथरावांनी सुनेकडे मान वळवली. "मी लिव्हू नको म्हनलो होतो."

"मी कुठं काय लिहिलं, मामंजी?"

दत्तोबा इतके हसले की हातातलं कणीस विस्तवात पडलं. रंगनाथरावांनी नुसतंच 'हं' केलं आणि एक दाणा तोंडात टाकला. मला वाटलं, सुटलो. आता नाना पोरीला उचलतील आणि आपण हुरडा खाऊन घरी जाऊ.

नाना कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "असेल गोदूनं काढलेलं. पण रेघ बरोबर पडलीय. लेकराच्या हातून पडली म्हणून बांध हलत नाही."

रंगनाथराव उठून उभे राहिले. चेहरा पार बदललेला. "यमू, पोरीला घे. घराकडं चल. सोपान, यांची गाडी जुपाया सांग."

कुणी हललं नाही. मी नानांच्या पाठीशी बसून मनातल्या मनात त्यांना जे म्हणत होते ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गोदूचं मात्र या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. ती आगटीच्या कडेनं सरकत आली होती. तिच्या हाती कोळशाचा एक विझलेला तुकडा लागला होता आणि समोर एवढा मोठा कागद अंथरलेला. तिनं नकलेच्या कोपऱ्यात एक काळी रेघ ओढली. रंगनाथरावांच्या बायकोनं ते पाहिलं आणि पोरीच्या हातावर चापटी मारली. नकाशा खराब केला म्हणून नव्हे.

"उजव्या हातानं धर गं. किती येळा सांगावं? कायम मेला डावाच हात." त्यांनी कोळसा काढून पोरीच्या उजव्या हातात दिला. पोरीनं तो खाली टाकला आणि पुन्हा डाव्या हातानं उचलला. बाईंनी परत हात उगारला.

"राहू द्या," नाना म्हणाले.

त्यांचा तो आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. मोठा नव्हता. पण बाईंचा हात तिथंच थांबला.

"तिचा हात आहे. राहू द्या."

मग नानांनी नकलेवरची ढेकळं एकेक करून बाजूला ठेवली. कागद उचलला. त्यावरची ती केसासारखी रेघ, ओढा, बांध, शेतांचे आकडे, सगळं त्यांनी एकदा बघितलं. आणि कागद पालथा घातला. नकाशा खाली मातीत गेला, कोरी पाठ वर आली. पुन्हा चार कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली.

"काढ," ते गोदूला म्हणाले.

ती काढायला लागली. डाव्या हातानं, पूर्ण दंड फिरवून. खाली ढेकूळ असेल तिथं कोळसा कागदातून आरपार जाई. तुकडा मोडला तेव्हा नानांनी आगटीच्या कडेचा दुसरा उचलला, फुंकर घालून, आपल्या धोतरावर घासून, गार झालाय ना ते पाहिलं आणि मगच तिला दिला. पांढरं धोतर काळं झालं. तिनं हुरड्याचे हिरवे दाणे कागदावर रगडले. चटणीत बोटं बुडवून ती उठवली. नाना एक हात तिच्या पाठीशी धरून बसले होते, टेकवलेला नाही, नुसता धरलेला, मागं पडली तर म्हणून.

रंगनाथराव काही वेळ उभे होते. मग खाली बसले, कणीस चोळलं आणि दाणे पत्रावळीवर टाकून ती नानांच्या बाजूला सरकवली.

"व्याही," ते म्हणाले, "काय काढायलीय ओ ती?"

मी नानांकडे बघितलं. त्यांनी मान तिरपी केली. कागदाकडे बराच वेळ पाहिलं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "तिलाच विचारा."

गोदूनं कुणालाच काही सांगितलं नाही. तिला सवड नव्हती. बांधाचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही. आम्हाला मुक्काम करावा लागला, दुसऱ्या दिवशी पुरणाचा स्वयंपाक झाला आणि वाळे पोरीच्या पायात एकदाचे गेले. घट्ट झाले होते, पण गेले. निघताना रंगनाथराव दमणीच्या चाकाला हात लावून म्हणाले, "शाळू निघाला की चैत्रात धाडतो यमूला. गौरीच्या सणाला र्‍हाऊ द्या महिनाभर. गाडी माझी येईल." नाना फक्त बरं म्हणाले. नक्कल यमूकडेच राहिली. नळकांडंही नानांनी मागितलं नाही.

गंगाखेडहून गाडीत बसलो तेव्हा ऊन उतरलं होतं. डब्यात गर्दी नव्हती. मी बोलायचं म्हणून म्हणाले, "पोर डावरी दिसते."

"तिची आजी डावरी होती," नाना म्हणाले.

बायकोबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. मग आपणहून सांगू लागले.

"बारा वर्षांची होती आमच्याकडं आली तेव्हा. वाढायला घेतलं की डावा हात पुढं व्हायचा. पंगतीत लोक बघायचे. आईनं आठ दिवस तो हात कमरेशी बांधून ठेवला. मी तिथंच समोर बसलेला. नवी नोकरी, नक्शा उतरवायचा होता. रेघ हलेल म्हणून मी मान वर केली नाही."

गाडीनं एक लहान स्टेशन मागं टाकलं.

"शिकली ती," नाना म्हणाले. "उजव्या हातानं सगळं करायला शिकली. वाईट करायची. सांडायची, रांगोळी वाकडी काढायची. अन् मी रागवायचो."

मी पिशवीतला हुरडा काढून त्यांच्यापुढं धरला. त्यांनी मूठभर घेतला आणि परभणी येईपर्यंत एकेक दाणा करून खात राहिले.